‘पटवणे’ : अर्थ, वापर आणि त्यातली भानगड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मालिकांचे संवाद आणि जाहिरातींचा मराठी मजकूर तपासण्याच्या कामात या एका क्रियापदावरून जितकी हुज्जत होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. कुणी म्हणतं शब्द टपोरी आहे, कुणी म्हणतं शुद्ध मराठी आहे. दोघांचंही बरोबर आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही.

‘पटवणे’ म्हणजे नेमकं काय?

समोरच्याच्या मनाला एखादी गोष्ट मान्य होईल असं करणं. मूळ क्रियापद ‘पटणे’, आणि ‘पटवणे’ हे त्याचं प्रयोजक रूप. बसणे-बसवणे, हसणे-हसवणे या जोड्यांसारखंच. पटणे आपोआप घडतं, पटवण्याला करणारा लागतो.

या क्रियापदात यश गृहीत धरलेलं असतं. ‘मी त्याला खूप समजावलं, पण त्याने ऐकलं नाही’ हे वाक्य ठीक आहे. ‘मी त्याला पटवलं, पण त्याला पटलं नाही’ म्हटलं की ऐकणारा अडखळतो. पटलं नसेल तर पटवलं कसं? प्रयत्नच सांगायचा असेल तर ‘पटवत होतो’, ‘पटवायला गेलो’, ‘पटवून पाहिलं’ असं म्हणावं लागतं.

‘पटवणे’ बरोबर की ‘पटविणे’?

दोन्ही. छापील, औपचारिक मजकुरात ‘पटविणे, पटविले’ अजून दिसतं. बोलताना कुणी म्हणत नाही. एका लेखात एकच रूप ठेवा म्हणजे झालं.

‘तिला पटलं’ आणि ‘ती पटली’ यात फरक आहे का?

जमीन-अस्मानाचा. बाकी सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं उत्तर तरी वाचा.

‘तिला पटलं’ या वाक्यात ती न्यायाधीश आहे. एक म्हणणं तिच्यापुढे आलं, तिने ते आपल्या मनाशी ताडून पाहिलं आणि मान्य केलं. मराठीत आवडणे, रुचणे, पटणे, सुचणे, आठवणे ही क्रियापदं अशीच वागतात. ज्याच्या मनात ती गोष्ट घडते त्याला ‘ला’ लागतो, आणि क्रियापद त्या गोष्टीच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. मला कल्पना पटली, मला मुद्दा पटला, मला कारणं पटली.

‘ती पटली’ मध्ये तिचा ‘ला’ गळतो आणि ती स्वतःच पटण्याची गोष्ट होऊन बसते. आता कल्पना पटली तशी ती पटली. कॉलेजच्या नाक्यावर एक जण दुसऱ्याला विचारतो, ‘काय रे, पटली का?’ या वाक्यात मत फक्त विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला आहे. जिच्याबद्दल चाललंय तिला नाही. शब्दात काही अश्लील नाही, तरी कानाला खटकतं, ते या गळलेल्या ‘ला’मुळे.

‘तो मला पटत नाही’ हे मात्र वेगळं वाक्य आहे. तिथे ‘त्याचं वागणं, त्याची भूमिका मला मान्य नाही’ एवढाच अर्थ. राजकीय पुढाऱ्यांबद्दल बोलताना मुंबईकर हे वाक्य रोज वापरतात.

मग भूतकाळात ‘पटवलं’, ‘पटवली’, ‘पटवला’ कधी म्हणायचं?

हाच धागा पुढे नेऊ. ‘तिने आईला पटवलं’ हा भावे प्रयोग झाला. कर्माला ‘ला’ असल्यामुळे क्रियापद आईकडे बघत नाही आणि ‘पटवलं’ असंच राहतं. ‘त्याने पोरगी पटवली’ हा कर्मणी. तिथे ‘ला’ नाही म्हणून क्रियापद पोरगीच्या मागे स्त्रीलिंगी झालं.

एखादा ठरावीक, ओळखीचा माणूस कर्म असला की मराठीत सहसा ‘ला’ लावतात: मी आजीला पाहिलं, मी शेजाऱ्याला बोलावलं. वस्तूंना लावत नाहीत: मी भाजी आणली, मी खुर्ची उचलली. म्हणजे ‘पोरगी पटवली’ ही रचना व्याकरणाच्या दृष्टीने ‘भाजी आणली’च्या रांगेत बसते. ‘आई पटवली’ असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही, म्हटलं तर विनोद म्हणूनच. व्यवहारात मात्र ‘एजंटने एक गिऱ्हाईक पटवलं’, ‘बिल्डरने दोन जुने भाडेकरू पटवले’ अशी बिनविभक्तीची रूपं सर्रास चालतात. तिथे माणूस आकडा झालेला असतो, भाषा फक्त ते कबूल करते.

संवाद लिहिणाऱ्यांना यात फुकटचं हत्यार मिळतं. पात्र ‘तिला पटवलं’ म्हणतं की ‘ती पटवली’, यावरून त्याचा स्वभाव एका अक्षरात कळतो.

‘पटवणे’ आणि ‘पटवून देणे’ एकच का?

नाही. पटवून देतात तो मुद्दा, पटवतात तो माणूस.

‘सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने पुनर्विकासाचे फायदे पटवून दिले’ म्हणजे त्याने नकाशे, चटईक्षेत्र, भाड्याची रक्कम असं सगळं समोर मांडलं. ‘सेक्रेटरीने तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना पटवलं’ म्हणजे काय झालं ते सांगता येत नाही. कदाचित नकाशे दाखवले असतील, कदाचित संध्याकाळी चहाला बोलावून गोड बोलला असेल, कदाचित पार्किंगची जागा कबूल केली असेल. ‘पटवून देणे’त कारणं उघड असतात, ‘पटवणे’त ती झाकलेली राहू शकतात.

म्हणून ऑफिसच्या पत्रात ‘आपणांस पटवून देऊ इच्छितो’ चालतं, ‘आपणांस पटवू इच्छितो’ लिहिलंत तर साहेब चष्मा काढून पुन्हा वाचतील. आणि एखादीने ‘मला पटवून दे’ म्हटलं तर ती पुरावा मागते आहे. ‘मला पटव’ म्हणाली तर गोष्ट निराळी, तिथे कोश उपयोगाचा नाही.

‘पटवून घेणे’ हा आणखी एक भाऊ. ‘सासूबाईंशी पटवून घेते कशीतरी’ म्हणजे जुळवून घेते. यात दुसऱ्याला काहीच पटवलेलं नसतं, स्वतःचंच मन वळवलेलं असतं.

घरात, मोठ्यांसमोर हा शब्द बोलावा का?

कशाबद्दल बोलताय त्यावर आहे. ‘आईला तू पटव, बाबांचं मी बघते’ हे वाक्य गिरगावच्या चाळीपासून बोरिवलीच्या टॉवरपर्यंत प्रत्येक घरात बहीण-भावांनी बोललेलं असतं, विशेषतः सहलीला जायचं असेल किंवा उशिरा घरी यायचं असेल तेव्हा. आजोबाही म्हणतात, ‘मला पटवायला आलीस होय!’ त्यात लाड आहे, चतुराईचं कौतुक आहे.

प्रेमाच्या संदर्भात मात्र मोठ्यांसमोर हा शब्द बेअदबीचा वाटतो. ‘दादाने वहिनीला कॉलेजातच पटवलं’ हे लग्नाला वीस वर्षं झाल्यावर हसत सांगता येतं. तेच लग्न ठरायच्या बैठकीत कुणी बोलून गेलं तर पोह्यांच्या बशा जागच्या जागी थांबतील.

मुलीने मुलाला ‘पटवलं’ असं म्हणता येतं का?

येतं आणि म्हणतातही. ‘कुणाला पटवलंस गं?’ हा मैत्रिणींमधला नेहमीचा प्रश्न आहे. पण समाज हे क्रियापद दोघांना सारखं लावत नाही. मुलाने पटवलं तर तो ‘हुशार’, मुलीने पटवलं तर तिने ‘जाळ्यात ओढलं’. क्रियापद बिचारं निर्दोष आहे.

हा अर्थ हिंदीतून आलाय ना?

शब्द मराठीत घरचाच आहे. भाव पटणे, ओळख पटणे, खूण पटणे या प्रयोगांना कुणी परकं म्हणणार नाही. प्रेमाच्या अर्थाने हिंदीत ‘पटाना’ आहे आणि मुंबईत दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या असतात, त्यामुळे ‘लडकी पटाना’ आणि ‘पोरगी पटवणे’ यांनी एकमेकांना बळ दिलं, इतकं म्हणता येईल. हिंदी ऐकून कुणी मराठीत ‘पटाव’, ‘पटावलं’ म्हणालं तर ते मात्र चूकच. मराठीत ‘पटव’, ‘पटवलं’.

प्रेमात कुणाचं मन जिंकण्याला सभ्य मराठी शब्द कोणता?

पुस्तकी हवा असेल तर ‘प्रियाराधन’ किंवा ‘प्रणयाराधन’. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि बोलताना दोन्ही निरुपयोगी. ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाला ‘प्रियाराधन’ असं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ‘अनुनय’ हा जुना शब्द होता, त्यात आर्जवाचा छान सूर होता; पण आता तो वर्तमानपत्रांत मतांच्या राजकारणाला बांधला गेलाय.

बोलीत आपण बहुधा क्रियापद टाळून परिणाम सांगतो. ‘त्यांचं जमलं.’ ‘त्यांचं जुळलं.’ या वाक्यांत कुणी कुणाला पटवलं याचा हिशेब नाही, दोघं मिळून एक ‘त्यांचं’ झालेले असतात. उपशीर्षकं लिहिताना मी शक्य तिथे हाच मार्ग धरते. ‘त्याने विचारलं, ती हो म्हणाली’ हेही उत्तम मराठी आहे. ‘मागणी घालणे’ लग्नाची आहे, ती चहा-कॉफीला लावू नका.

‘मनवणे’ चालेल का?

बोलताना खूप जण म्हणतात, मालिकांतही येतं. हिंदी ‘मनाना’ सरळ उचललेलं आहे. मराठीत रुसलेल्या माणसाची समजूत काढतात किंवा त्याचा रुसवा काढतात. माझ्याकडे आलेल्या मजकुरात मी ‘मनवणे’ बदलते. कुणी बदललं नाही म्हणून आकाश कोसळणार नाही.

समजूत काढणे, मन वळवणे, गळ घालणे, मनधरणी… हे सगळे एकच नाहीत का?

अजिबात नाहीत, आणि मराठीची खरी श्रीमंती इथेच आहे. घाई करू नका.

‘समजूत काढणे’ला आधी दुःख किंवा राग लागतो. नातू पतंग फाटला म्हणून रडतोय, आजी समजूत काढते. इथे काही मिळवायचं नसतं, समोरच्याला शांत करायचं असतं. ‘समजूत घालणे’ही त्याच घरातलं, त्यात थोडा शहाणपणा शिकवण्याचा भाग अधिक.

‘मन वळवणे’ला समोरच्याचं मन आधीच दुसरीकडे गेलेलं असावं लागतं. घर विकायचं ठरवलेल्या मामांचं मन वळवतात. ज्याने अजून काहीच ठरवलेलं नाही त्याचं मन वळवता येत नाही, त्याला पटवावं लागतं.

‘गळ घालणे’ म्हणजे आग्रहाने मागे लागणं. ‘गाणं म्हण म्हणून सगळ्यांनी तिला गळ घातली.’ यात कारणं नसतातच, आग्रह असतो. तिने गाणं म्हटलं की नाही हे वाक्यात कळत नाही.

‘मनधरणी’ करणारा खाली आणि करून घेणारा वर बसलेला असतो. उमेदवारी नाकारलेल्या बंडखोराची पक्षाचे नेते मनधरणी करतात. दर निवडणुकीत अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत हा शब्द मथळ्यांत असतो, मुदत संपली की गायब. ‘विनवणी’त पायरी आणखी खाली जाते, तिथे हात जोडलेले असतात. ‘आर्जव’ त्याच्या जवळचं, पण सूर अधिक मऊ.

‘गळी उतरवणे’ म्हणजे नको असलेलं पटवणं. ‘योजना रहिवाशांच्या गळी उतरवली’ लिहिलंत की लिहिणाऱ्याचं मत उघड झालंच. बातमीत जपून वापरा.

‘राजी करणे’ हे व्यवहाराचं. मनातून पटलं असो वा नसो, होकार मिळाला, काम झालं.

‘फूस लावणे’ आणि ‘भुलवणे’ यांत लबाडी आहे. पोलिसांच्या फिर्यादीत ‘फूस लावून पळवून नेले’ येतं, तिथे ‘पटवून’ कधी येत नाही. एवढ्यावरून कळावं की नुसतं पटवणं हा गुन्हा नाही.

आणि ‘मस्का लावणे’?

ती पटवण्याची पूर्वतयारी. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात ब्रून पावाला मस्का लावतात आणि ऑफिसात साहेबाला. ‘लाडीगोडी लावणे’ हे घरगुती रूप. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ त्याहून धोक्याचं, कारण त्या झाडाला माणसाचं वजन पेलत नाही आणि चढणाऱ्याला ते उशिरा कळतं.

‘साहेबांना पटवलंय’ म्हणजे लाच दिली का?

तसं असू शकतं. बोलणारा डोळा मिचकावतो की नाही ते बघा. अलीकडे या अर्थाने ‘सेटिंग केलं’, ‘मॅनेज केलं’ हेच जास्त ऐकू येतं. लेखी मजकुरात हा अर्थ ‘पटवणे’वर सोडू नका, ज्याच्याबद्दल लिहिलं तो अब्रूनुकसानीची नोटीस घेऊन उभा राहील, आणि तुम्ही फक्त कोशातला अर्थ दाखवत बसाल.

बाजारात ‘भाव पटवला’ का म्हणत नाहीत?

चांगला प्रश्न. माहीमच्या गोपी टँक मंडईत कोळंबीच्या वाट्यावरून चाललेलं बोलणं ऐका.

‘कशी दिली मावशी?’
‘चारशेचा वाटा.’
‘तीनशेला द्या.’
‘नाय परवडत. साडेतीनशे. पटत असेल तर घे, नायतर राहू दे.’
गिऱ्हाईक दोन पावलं पुढे जातं. मावशी बघतही नाहीत, शेजारच्या पाटीवरच्या बोंबलांवर पाणी मारतात. गिऱ्हाईक मागे येतं. ‘बरं, द्या. सोलून द्याल ना?’

इथे भाव पटला. तो मावशींना पटला, गिऱ्हाइकालाही पटला. कुणी कुणाला पटवलं असं दोघींपैकी एकीलाही वाटत नाही. घासाघिशीत दोन्ही बाजूंना उठून जायची मोकळीक असते म्हणून तिथे ‘पटणे’ पुरतं. ‘सौदा पटवणे’ आपण म्हणतो ते दलालाबद्दल, कारण तो तिसरा माणूस आहे आणि त्याला दोघांना एका आकड्यावर आणायचं असतं. भाड्याच्या खोलीचं तसंच: डिपॉझिट मालक-भाडेकरूंना पटतं, पटवतो एजंट, आणि वर दलाली घेतो.

‘हुंडी पटणे’ काय असतं?

जुन्या पेढ्यांच्या व्यवहारातला प्रयोग. हुंडी म्हणजे पैसे देण्याबद्दलची चिठ्ठी; ती पटली म्हणजे समोरच्या पेढीने मान्य केली आणि पैसे हाती आले. आता हुंड्या फारशा राहिल्या नाहीत, म्हणून प्रयोगही जुन्या मजकुरापुरता उरला.

बातम्यांत ‘ओळख पटवणे’ येतं, ते याच शब्दाचं रूप आहे का?

हो. ‘मृताची ओळख अद्याप पटलेली नाही’, ‘नातेवाइकांनी कपड्यांवरून ओळख पटवली’. लोकलच्या अपघातांच्या बातम्यांत ही वाक्यं मुंबईकरांना पाठ आहेत. खात्री पटणे, साक्ष पटणे, खूण पटणे हे त्याच कुळातले. दोन गोष्टी एकमेकींशी ताडून त्या जुळतात हे कळणं, हा त्यांचा गाभा. समोरचा चेहरा आणि ओळखपत्रावरचा फोटो जुळला की मतदान केंद्रावर ओळख पटते. एखाद्याचं म्हणणं आणि आपला अनुभव जुळला की म्हणणं पटतं. नवरा-बायकोचं ‘पटत नाही’ म्हणतात तेही हेच. या वाक्यात दोष कुणाचा ते सांगावं लागत नाही, म्हणून नातेवाइकांना ते फार सोयीचं पडतं.

लग्न जमवताना मात्र पत्रिका ‘जुळते’, स्थळ ‘पसंत पडतं’. छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले की पुरतात म्हणतात. पटतं की नाही ते नंतर कळतं.

ती ‘नाही’ म्हणाली तरी पटवत राहणं चालतं का?

हा भाषेचा प्रश्न नाही, पण इतक्या वेळा येतो की उत्तर द्यायला हवं. नाही. तिने स्पष्ट नकार दाखवल्यावरही पुरुषाने मागे मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधायचा प्रयत्न करणं, ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी २०१३ च्या दुरुस्तीनंतर हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड मध्ये होता. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. त्रास होत असेल तर ११२ किंवा मुंबई पोलिसांचा १०३ हा क्रमांक लावा.

‘आमच्या वेळी मागे लागूनच पटवायचे’ असं सांगणारे काका भेटतात. त्या वेळी तिला विचारलं होतं का, एवढंच त्यांना विचारा.

‘कन्व्हिन्स करणे’ लिहू की ‘पटवणे’?

ऑफिसातला तरुण बोलत असेल तर ‘क्लायंटला कन्व्हिन्स केलं’ हेच खरं वाटतं, उगाच मराठी करू नका. निवेदनात मात्र ‘पटवून दिलं’ लिहा, ते नेमकं आहे आणि लहानही.

फोन ‘पटवलं’ऐवजी भलतंच सुचवतो. काय करू?

पाठवायच्या आधी वाचा. ‘पटवलं’, ‘पाठवलं’, ‘पेटवलं’ ही तीन रूपं फोनला भावंडं वाटतात. ‘साहेबांना प्रेझेंटेशन पेटवलं’ असा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर पडलेला मी स्वतः पाहिलाय. त्यावर साहेबांचं उत्तर आलं, ‘अग्निशमन दलाला कळवलं का?’